मंजुरीचे पेढे आणि सहावा पावसाळा

मार्च 2021 मध्ये मेलम्ची नदीचे पाणी काठमांडूत पोहोचले, तेव्हा तिथल्या अनेकांचा डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. सिंधुपालचोकच्या डोंगरातून सुमारे 26 किलोमीटरचा बोगदा खणून रोज 17 कोटी लिटर पाणी राजधानीत आणायचे, या योजनेला आशियाई विकास बँकेने डिसेंबर 2000 मध्ये कर्ज मंजूर केले होते. त्यानंतर एक आख्खी पिढी टँकरच्या पाण्यावर वाढली. मधल्या काळात नेपाळमध्ये यादवी झाली, राजेशाही गेली, 2015 चा भूकंप झाला. जागतिक बँकेने 2002 मध्ये अंग काढून घेतले, स्वीडन आणि नॉर्वेही गेले. आधी चिनी ठेकेदाराचा करार रद्द झाला, मग 2018 च्या अखेरीस इटालियन कंपनी काम अर्धवट टाकून निघून गेली. शहराचे पाणीवाटप खासगी ब्रिटिश कंपनीकडे द्यावे म्हणून आशियाई विकास बँकेने आग्रह धरला, त्यावरून 2007 मध्ये सरकार आणि ही बँक यांच्यात चांगलीच जुंपली. एवढे सगळे होऊन पाणी आले, आणि जेमतेम तीन महिन्यांनी, 15 जून 2021 च्या रात्री, मेलम्चीला पूर आला. डोंगरमाथ्यावरचा गाळ, दगडधोंडे खाली आले आणि नदीचे पाणी बोगद्यात वळवणारे बांधकाम त्याखाली गाडले गेले.

या गोष्टीतला खलनायक शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. बँक वीस वर्षे खमकेपणाने उभी राहिली, हे तिचे मोठेपणच म्हणायला हवे. पण एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. या बँकेच्या दप्तरी मेलम्चीचे 'यश' कधी नोंदले गेले? कर्ज मंजूर झाले त्या दिवशी. त्या वर्षीच्या एकूण मंजुरीच्या आकड्यात ती रक्कम जमा झाली, आणि तो आकडा वार्षिक अहवालात छापला गेला. पाणी नळाला आले की नाही, आल्यावर टिकले की नाही, याला अशा अहवालाच्या पहिल्या पानावर जागा नसते.

आशियाई विकास बँकेच्या दीर्घकालीन धोरणाबद्दल जे म्हणायचे आहे ते याच्याशी जोडलेले आहे. या बँकेने स्वतःला मोजण्याची फूटपट्टी बदलली नाही, तर तिच्या धोरणात बाकी काहीही बदलले तरी फारसा फरक पडणार नाही.

ही बँक मराठी वाचकाला वाटते तितकी दूरची नाही. 1966 मध्ये स्थापन झाली तेव्हापासून भारत तिचा सभासद आहे. तिचे मुख्यालय टोकियोला असावे असा जपानचा आग्रह होता, पण मतदानात मनिलाने 9 विरुद्ध 8 मतांनी बाजी मारली. जपानने मग अध्यक्षपद आपल्याकडे ठेवले, ते आजतागायत. 2025 मध्ये आलेले मासातो कांदा हे अकरावे अध्यक्ष, आणि अकराच्या अकरा जपानी. भागभांडवलात जपान आणि अमेरिका बरोबरीने पहिले, चीन तिसरा आणि भारत त्याच्या अगदी पाठोपाठ चौथा, सहा टक्क्यांच्या थोडा वर. आपण मालकांपैकी एक आहोत आणि मोठ्या कर्जदारांपैकीही एक. गंमत अशी की संस्थापक असूनही वीस वर्षे आपण तिच्याकडून कर्ज घेतले नाही. भारतातले तिचे काम 1986 मध्ये सुरू झाले. आज मुंबईच्या दहिसर–अंधेरी पट्ट्यातल्या मेट्रोत बसणारा माणूस तिच्याच पैशावर धावतो. 2 अ, 2 ब आणि 7 या मार्गांसाठी तिने 2019 मध्ये 92.6 कोटी डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या ग्रामीण रस्त्यांसाठी 20 कोटी डॉलरचे कर्ज झाले, पुढे त्यात आणखी भर पडली. फळे-भाजीपाल्याच्या साखळीसाठीचा 'मॅग्नेट' प्रकल्पही तिचाच.

बँकेचे चालू दीर्घकालीन धोरण 2018 मध्ये ठरले, 2030 पर्यंतचे. 2024 मध्ये त्याचा मध्यावधी आढावा झाला. त्यातली दिशा थोडक्यात अशी: हवामानबदलाच्या कामांसाठी 2030 पर्यंत निम्मा वित्तपुरवठा, खासगी क्षेत्रासाठी वर्षाला 1,300 कोटी डॉलर (स्वतःचे आणि इतरांकडून आणलेले मिळून), आणि भांडवलाचे नियम सैल करून एकूण कर्जवाटपात मोठी वाढ. 2024 मध्ये सुमारे 2,400 कोटी डॉलरची कर्जे आणि मदत देण्याची बांधिलकी होती, ती 2034 पर्यंत 3,600 कोटींवर न्यायची आहे. तिन्ही लक्ष्ये वाचायला चांगली आहेत. आणि तिन्ही पैशाच्या ओघाची आहेत.

आता साधा हिशेब करू. याच बँकेने 2017 मध्ये सांगितले होते की विकसनशील आशियाला 2016 ते 2030 या काळात पायाभूत सुविधांसाठी 26 लाख कोटी डॉलर लागतील. वर्षाला साधारण 1.7 लाख कोटी. बँकेचे आजचे 2,400 कोटी म्हणजे या गरजेच्या दीड टक्क्याहूनही कमी. 3,600 कोटी झाले तरी सव्वादोन टक्क्यांच्या आतच. म्हणजे दहा वर्षे जीव तोडून वाढ केली तरी खंड आशियाचा, आणि वाटा मिठाएवढा. मिठाएवढे असण्यात कमीपणा काही नाही, आमटीची चव त्यावरच ठरते. पण मीठ दुप्पट टाकून आमटी वाढत नाही. बँकेचे बळ रकमेत नाही हे एकदा मान्य केले, की मग ते कशात आहे हा प्रश्न खरा होतो. माझे उत्तर असे: तिच्याकडे तीन गोष्टी आहेत ज्या बाजाराकडे नाहीत. वीस-पंचवीस वर्षे थांबण्याची ताकद, सरकारांशी डोळ्याला डोळा भिडवून बोलण्याची पत, आणि पन्नासएक देशांत काय फसले याची आठवण. यातली पहिली गोष्ट ती आज सर्वात वाईट वापरते. पैसे परत यायला पंचवीस वर्षे थांबते, पण कामाकडे पाहायला पाच-सात वर्षेच.

कोणत्याही जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन बसा, हे लगेच कळते. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत ठेकेदाराने रस्ता केल्यावर पाच वर्षे त्याची देखभाल करायची, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पाच वर्षे साइडपट्टी भरली जाते, मोऱ्या साफ होतात, खड्डा पडला तर फोन करायला एक माणूस असतो. सहाव्या पावसाळ्यात तो माणूस नसतो. रस्ता जिल्हा परिषदेच्या पदरात पडतो आणि तिच्या देखभालीच्या निधीतून यादीतले चार रस्ते भागतात, चाळीस राहतात. गटार तुंबते, पाणी डांबरावर थांबते, पाणी डांबराचे वैरी, मग खडी उघडी पडते. आठव्या-नवव्या वर्षी तो रस्ता 'दुरुस्तीपलीकडे' ठरतो आणि नव्या योजनेत नवा रस्ता म्हणून परत मंजूर होतो. पुन्हा नारळ, पुन्हा पेढे, पुन्हा फलक. मंजुरीच्या आकड्यात तो दोनदा मोजला गेला, आणि गावाला मात्र एकच रस्ता मिळाला, तोही मधली तीन-चार वर्षे नसल्यासारखा. हा महाराष्ट्राचाच रोग नव्हे. बांगलादेशपासून पापुआ न्यू गिनीपर्यंत सगळीकडे हेच.

विकास बँकांना हा रोग माहीत आहे. जागतिक बँकेने स्वतःच नेमलेल्या वापेनहान्स समितीने 1992 मध्ये लिहून ठेवले की बँकेत मंजुरीची संस्कृती आहे. कर्ज संचालक मंडळापुढे पोहोचवण्यावर सगळी बुद्धी खर्च होते आणि अंमलबजावणी मागे पडते. त्याला तीन दशके उलटली. आशियाई विकास बँकेच्या स्वतंत्र मूल्यमापन विभागाचे अहवाल काढून पाहिले तर प्रकल्पांचे गुण देताना 'टिकाऊपणा' हा निकष वारंवार कच्चा निघालेला दिसतो. मग बँक शिकत का नाही? कारण शिकण्यासाठी बक्षीस नाही. एखाद्या अधिकाऱ्याने तीन वर्षांत दोन मोठी कर्जे मंजूर करून घेतली तर तो वर जातो. बारा वर्षांपूर्वीच्या कर्जातला पाणीपुरवठा अजून चालू आहे का हे पाहायला तो जिल्ह्यात गेला, तर त्याचा प्रवासभत्ता मंजूर होईल की नाही याचीच मला शंका आहे.

चीनच्या पुढाकाराने 2016 मध्ये बीजिंगला आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक सुरू झाली तेव्हा यात सुधारणा होईल असे काहींना वाटले होते. भारत तिचाही दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक. तिची 2018 ची वार्षिक सभा मुंबईतच झाली. स्पर्धा आली खरी, पण ती वेगाची आली. कोण लवकर मंजूर करतो, कोण कमी कागद मागतो. कागद कमी करायलाच हवेत, त्यावर वाद नाही. पण स्पर्धा जर दहा वर्षांनी कोणाचा पंप चालू आहे यावर झाली असती, तर ती आपल्या कामाची होती.

म्हणून प्रस्ताव असा. पायाभूत सुविधांच्या प्रत्येक कर्जातला पाचवा हिस्सा मागे ठेवा. तो बांधकामाला मिळू नये. काम पुरे झाल्यावर सहाव्या, आठव्या आणि दहाव्या वर्षी तपासणी व्हावी आणि रस्ता, पाणी, वीज ठरलेल्या दर्जाने चालू असेल तरच तो हप्ता राज्याला किंवा नगरपालिकेला मिळावा, तोही पुढच्या देखभालीसाठी. तपासणी बँकेच्या सल्लागाराने करू नये. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने करावी, आणि निकाल त्या गावाच्या भाषेत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. यासाठी नवे शस्त्र घडवायची गरज नाही. निकाल दाखवल्यावरच पैसे द्यायचे, असा कर्जप्रकार बँकेने 2013 पासून चालवला आहे. फक्त आज त्यातले निकाल प्रकल्पाच्या मुदतीतच मोजले जातात. ती मुदत लांबवायची.

यावर अर्थखात्यातला कोणीही जाणकार लगेच दोन आक्षेप घेईल. पहिला, देखभाल हा रोजचा खर्च. घरखर्चासाठी कर्ज काढणारे घर कसे चालते ते सांगायला नको. आक्षेप बरोबर आहे, पण पर्याय काय आहे ते पाहू. आज आपण देखभालीसाठी कर्ज काढत नाही, ती न केल्यामुळे पुन्हा बांधण्यासाठी काढतो, आणि ते कितीतरी महाग पडते. शिवाय हा हप्ता म्हणजे कायमचा खुराक नव्हे. दहा वर्षांत जिल्हा परिषदेला स्वतःचे देखभालीचे अंदाजपत्रक उभे करावे लागेल यासाठी ओढलेली दोरी आहे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. मंजूर होऊन न उचललेल्या रकमेवर बँक कमिटमेंट चार्ज लावते. भारताच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत हा खर्च वर्षानुवर्षे दिसतो. पाचवा हिस्सा दहा वर्षे अडवून ठेवला तर त्यावर दहा वर्षे हा आकार चढणार. तेव्हा बँकेने या हिस्स्यावर तो माफ केला पाहिजे. तिला खरोखर टिकाऊपणा हवा असेल तर त्याची थोडी किंमत तिनेही मोजावी. आणि भांडवलाचे नियम सैल करून 10,000 कोटी डॉलरची नवी क्षमता मोकळी केल्याचे सांगणाऱ्या बँकेने ही किंमत परवडणार नाही असे म्हणू नये.

आता चलनाकडे येऊ, कारण त्यावर मराठीत फारसे लिहिले जात नाही आणि नुकसान मात्र आपलेच होते. सरकारांना या बँकेची कर्जे मुख्यतः डॉलरमध्ये मिळतात. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार 2005 पासून केंद्राने परकीय कर्जे बहुतेक राज्यांकडे जशीच्या तशी पुढे सरकवायला सुरुवात केली: जे चलन, जो व्याजदर, तोच राज्याच्या माथी. म्हणजे विनिमयाचा धोका महाराष्ट्राचा. 2019 मध्ये डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास होता, नंतर तो पंचाऐंशीच्या पुढे गेला. 20 कोटी डॉलरचे कर्ज सत्तरने 1,400 कोटी रुपये, पंचाऐंशीने 1,700 कोटी. कर्ज एकदम उचलले जात नाही, फेडही हप्त्याहप्त्याने होते, त्यामुळे प्रत्यक्ष फरक इतका सरळ नसतो. डॉलरचे व्याज कमी, त्यामुळे बरोबरी होते असेही सांगतात. 2020 मध्ये ते खरे होते. मग अमेरिकेने दर वाढवले, 2023 मध्ये तिथला आधारभूत दर पाच टक्क्यांवर गेला, आणि आपल्या कर्जांचे व्याज बदलत्या दराचे. ज्या रस्त्यावरून सोयाबीनचा ट्रॅक्टर जातो त्याचे व्याज वॉशिंग्टनमधल्या बैठकीत ठरावे, यात मला काही शहाणपण दिसत नाही.

आणि ही बँक याबाबत अनभिज्ञ नाही. फेब्रुवारी 2004 मध्ये भारतात येऊन 500 कोटी रुपयांचे रोखे विकणारी ती पहिली परदेशी संस्था होती. तेव्हा ते मोठे पाऊल मानले गेले, बातम्या झाल्या. दोन दशकांनी त्या पावलाचा रस्ता झालेला नाही. आपल्याकडे विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी यांच्याकडे दीर्घ मुदतीचा रुपया आहे. त्यांना उत्तम पतीचा रोखा हवाच असतो. बँकेने तो पैसा त्यांच्याकडून रुपयात घेऊन राज्यांना रुपयात द्यावा. सरकारी कर्जांपैकी किती टक्के 2034 पर्यंत कर्जदाराच्या चलनात असतील, याचे लक्ष्य धोरणात आले तर ते मला हवामानाच्या लक्ष्यापेक्षा जास्त भरवशाचे वाटेल. हवामानाची पाटी कशावरही लावता येते. मेलम्चीवरही लावता आली असती.

खासगी क्षेत्राच्या लक्ष्याबद्दल माझा सूर थोडा कडू आहे, आणि त्याचे कारण कच्छमध्ये आहे. मुंद्रा येथील 4,000 मेगावॉटच्या टाटा पॉवरच्या कोळसा प्रकल्पाला या बँकेने 2008 मध्ये 45 कोटी डॉलरचे कर्ज दिले. वीज युनिटला 2 रुपये 26 पैशांनी द्यायचा करार, घेणाऱ्या पाच राज्यांत महाराष्ट्रही. कोळसा इंडोनेशियाचा. तिथल्या सरकारने निर्यातीच्या किमतीचे नियम बदलले आणि गणित कोसळले; भरपाईचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2017 मध्ये कंपनीविरुद्ध निकाल लागला. त्याच काळात किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी गरम पाणी आणि राखेबद्दल बँकेच्या तक्रार यंत्रणेकडे अर्ज केला, आणि बँकेच्याच चौकशी पथकाने 2015 मध्ये नियम पाळले गेले नसल्याचे मान्य केले. आता बँक नव्या कोळशाला पैसे देत नाही, ते बरेच आहे. पण मुंद्राचा धडा कोळशापुरता नाही. मोठ्या खासगी कंपनीला भांडवल तसेही मिळाले असते; बँकेने तिथे जाऊन काय वेगळे घडवले? 1,300 कोटींचे लक्ष्य गाठायचे म्हटले की अधिकारी अशाच मोठ्या, सोप्या, ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे जाणार. लक्ष्याचा तो स्वभावच आहे.

तिने जावे तर नगरपालिकांकडे. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाण्यासाठी 200 कोटींचे रोखे विकले आणि ते हातोहात गेले. पण परांडा किंवा पुसद नगरपालिकेचा रोखा कोण घेईल? अशा लहान नगरपालिकांकडे बहुधा पतमानांकन नसते, हिशेब वेळेवर नसतो, आणि पाइपलाइन मात्र जुनाट असते. तामिळनाडूने 2002 च्या सुमारास डझनभर लहान नगरपालिकांना एकत्र आणून सुमारे 30 कोटींचे एकत्रित रोखे काढले. अमेरिकेच्या मदतसंस्थेने निम्म्या मुद्दलाची हमी घेतली आणि पैसा बाजारातून आला. रक्कम क्षुल्लक, वाट मात्र खरी. मनिलाच्या बँकेने अशा शंभर हमी द्याव्यात. त्यात मेहनत फार आणि आकडा लहान, म्हणूनच मंजुरीवर पगारवाढ असेल तोवर हे होणार नाही. सगळ्या वाटा त्या एकाच फूटपट्टीकडे येतात.

भारताने यात गप्प बसू नये. आपला कार्यकारी संचालक त्या मंडळावर बसतो, आपले अर्थमंत्री तिचे गव्हर्नर असतात, आणि व्याज भरणारे आपण आहोत. पुढच्या प्रत्येक मोठ्या कर्जाच्या कागदावर सहीपूर्वी दोनच ओळी मागता येतील: दहाव्या वर्षी हे कोण चालवणार, आणि त्याचा पैसा कोणत्या चलनात, कुठून येणार.

मेलम्चीचे बांधकाम गाडले गेल्यावर नदीत तात्पुरता बांध घालून कोरड्या महिन्यांत पाणी बोगद्यात सोडायला सुरुवात झाली. पावसाळा जवळ आला की ते बंद करावे लागे. पुरानंतरची वर्षे काठमांडूने अशीच काढली. आभाळ भरून आले की नळ कोरडा आणि गल्लीच्या तोंडाशी टँकर.